मावशीचं लक्ष

"काल अकरा चाळीस ते अकरा सत्तेचाळीस तू कुठं होतीस?" मैथिलीनं फोनवर विचारलं.

"कुठं म्हणजे? लॅबमध्येच होते की, अक्का. खुर्चीतून उठलेसुद्धा नाही."

"खुर्चीचं नाही विचारत. मन कुठं होतं?"

शर्वरीनं चिमट्यात धरलेली दाढ हलकेच ट्रेमध्ये ठेवली. सांगलीतल्या एका लॅबमध्ये ती दात बनवायची. दाताच्या कॅपा यंत्रं कापून देत होती, पण त्यांना माणसाच्या तोंडात शोभेल असा रंग चढवायचं काम २०४३ सालीसुद्धा हातानंच करावं लागे. कुणाचा दात चहानं पिवळटलेला, कुणाचा तंबाखूनं. शेजारच्या दाताशी मेळ बसला पाहिजे. या कामात शर्वरीचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकदा बसली की दोन-दोन तास मान वर करायची नाही.

"बोल ना," अक्का म्हणाली. "त्या सात मिनिटांत मिहीची वजाबाकी चुकली. हातचा घ्यायलाच विसरली. आधीची चार गणितं बरोबर आहेत, नंतरची तीन बरोबर आहेत. मधलीच दोन चुकली."

"भट्टीतली कॅप तडकली होती. तिकडं लक्ष गेलं असेल."

हे खोटं होतं. अकरा चाळीसला शर्वरीच्या मनात निनाद पाटोळे नावाचा माणूस होता. पण ते अक्काला सांगायचं म्हणजे आपल्या डोक्याची खिडकी सताड उघडून देणं होतं. तशी ती निम्मी उघडीच होती.

मिहिका मैथिलीची मुलगी. वय वर्षं नऊ. ती पाच वर्षांची असताना बालवाडीच्या बाईंनी बोलावून सांगितलं होतं, "पोरगी हुशार आहे, पण एका जागी दोन मिनिटं ठरत नाही. डोळ्याला डोळा देत नाही. जरा दाखवून घ्या." दाखवलं. रक्त तपासलं. निघालं ते फ्रॅजाइल एक्स.

मिरजेच्या बालमेंदू केंद्रात डॉक्टर कित्तूर म्हणून एक बाई होत्या. त्यांनी कागदावर रेघा मारून समजावलं होतं. माणसाच्या एक्स गुणसूत्राच्या टोकाशी एक जनुक असतं. त्याच्या सुरुवातीला तीन अक्षरांचा एकच शब्द परत परत लिहिलेला असतो. सगळ्यांच्यात असतो, तीसेक वेळा. काही घरांत मात्र तो पिढीगणिक वाढत जातो, साठ, ऐंशी, शंभर. दोनशेच्या पुढं गेला की पेशी त्या जनुकाला कुलूपच घालते. मग त्याच्यापासून जे प्रथिन व्हायचं ते होत नाही, आणि मेंदूतल्या जोडण्यांना आवर घालणारं तर तेच असतं. आवर गेला की सगळेच आवाज सारखे मोठे होतात. बाईंचं बोलणं, पंख्याची घरघर, शेजारच्या बाकावरच्या कंपासपेटीचा खडखडाट, यातलं कुठलं ऐकायचं नि कुठलं सोडायचं ते मेंदूला ठरवता येत नाही.

"मुलींना एक्स दोन असतात," डॉक्टर म्हणाल्या होत्या, "आणि प्रत्येक पेशीत त्यातलं एकच जागं असतं. मिहिकाच्या निम्म्या पेशी ठीक चालतात. म्हणून ती बोलते, वाचते, कविता म्हणते. पण लक्ष टिकत नाही, आणि गणित तर नाहीच."

मैथिली शिकवण्या घ्यायची त्या गणिताच्याच.

हे आलं होतं मिहिकाच्या आजीकडून, म्हणजे मैथिली-शर्वरीच्या आईकडून. आजीच्या दोन एक्सपैकी एकात ऐंशी शब्द होते. तो मैथिलीला आला. त्यानं तिचं स्वतःचं काही बिघडवलं नाही, पण मुलीला देताना तो फुगून तीनशेवर गेला. शर्वरीच्या वाट्याला आजीचा दुसरा एक्स आला, धड, तीस शब्दांचा. छापा की काटा, एवढाच दोघी बहिणींत फरक. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मैथिलीनं शर्वरीकडं एकदाच पाहिलं होतं आणि लगेच नजर काढून घेतली होती. ते पाहणं शर्वरी विसरली नव्हती.

पट्टी आली ती मिहिका सात वर्षांची असताना. लक्ष देणं म्हणजे नको ते आवाज बंद करणं, आणि हे काम मेंदू एका लयीत करतो, सेकंदाला साधारण दहा ठोक्यांच्या. मिहिकाची लय जुळायची आणि तुटायची. कपाळाला पट्टी बांधून बाहेरून लय पुरवायचा प्रयत्न आधीही झाला होता. पण यंत्राची लय ठरीव. तीन आठवड्यांत मेंदू तिच्याकडं दुर्लक्ष करायला लागे, जशी आपल्याला फ्रिजची घरघर ऐकू येईनाशी होते. मग लक्षात आलं की जिवंत माणसाची लय, क्षणाक्षणाला किंचित बदलणारी, त्याच क्षणी पाठवली तर मेंदूला तिचा कंटाळा येत नाही. अट एकच. दोन्ही लयी अगदी जवळच्या पाहिजेत. आणि लय ही नाकासारखी, उंचीसारखी रक्तातून येते.

मिहिकाचे वडील प्रसन्न, त्यांची लय एका ठोक्यानं लांब पडली. मैथिलीची जवळची निघाली, पण काळजीनं ती दर अर्ध्या मिनिटाला विस्कटायची. शर्वरीची तंतोतंत जुळली.

"रोज दोन तास," डॉक्टर कित्तूर म्हणाल्या होत्या. "शाळेत अकरा ते एक. तिच्या कपाळाला एक पट्टी, तुमच्या कपाळाला एक. विचार जात नाहीत यातून, घाबरू नका. फक्त लय जाते. तुमचं मन एका कामात असेल तर तिचंही राहील. आणि हा पांगुळगाडा आहे. दोन वर्षांत तिचा मेंदू आपल्या पायावर चालायला लागेल."

शर्वरीनं लगेच हो म्हटलं होतं. विचार करण्यासारखं होतंच काय? आई गेली तेव्हा शर्वरी अकरा वर्षांची होती, मैथिली एकोणीस. वडील साखर कारखान्यात पाळीवर जायचे. मैथिलीनं दुसऱ्या वर्षाला बीएस्सी सोडलं आणि शर्वरीची वेणी, डबा, अभ्यास, सगळं अंगावर घेतलं. कॉलेज सुटल्याबद्दल ती कधी अवाक्षर बोलली नाही. न बोलल्यामुळंच ते शर्वरीच्या मनात घर करून राहिलं होतं.

पहिल्या दिवशी मैथिली वर्गाच्या खिडकीशी उभी होती. मिहिका सलग पस्तीस मिनिटं बाकावर बसली. मैथिलीनं तिथूनच फोन केला, आणि तिला रडू इतकं आलं की बोलता येईना. प्रसन्ननं फोन घेतला आणि ते म्हणाले, "शरू, पोरगी बसली गं. बसली!"

"आता गोड काहीतरी आणा, दाजी," शर्वरी म्हणाली, आणि तिलाही रडू आलं.

पहिलं वर्ष असं आनंदात गेलं. मिहिका बेरजा शिकली, मग हातच्याच्या वजाबाक्या. सहामाहीत तिला गणितात बासष्ट मिळाले. मैथिलीनं ती उत्तरपत्रिका पदराखाली झाकल्यासारखी जपून आणली आणि शर्वरीला दाखवली.

पट्टीबरोबर फोनवर दोन रेघा यायच्या. निळी शर्वरीची, पिवळी मिहिकाची. डॉक्टरांसाठी होत्या त्या, पण पालकांनाही दिसायच्या. मैथिली सुरुवातीला कधीमधी बघायची. नंतर अकराला शिकवणी ठेवणंच तिनं बंद केलं. फोन समोर उभा करून ती बसायची. आणि मग सूचना सुरू झाल्या. बाराला चहा घेऊ नकोस, रेघ उडते. रात्री दहाला झोपत जा. सकाळी कुणाशी वाद घालू नकोस, त्याचा असर साडेअकरापर्यंत राहतो. शर्वरी ऐकत गेली. रेघ खाली आली की खरंच मिहिकाची पेन्सिल थांबायची. समोर पुरावा असताना काय बोलणार?

निनाद पाटबंधारे खात्यात होता, कृष्णेच्या पाण्याची पातळी मोजायचा. वडिलांची कवळी न्यायला म्हणून लॅबमध्ये आला आणि दुरुस्तीच्या निमित्तानं तीनदा परत आला. चौथ्यांदा कवळी न आणताच आला. शर्वरी हसली, आणि मग दोघं संध्याकाळी घाटावर भेटायला लागली.

अक्कानं त्या सात मिनिटांचा छडा लावला. दोन आठवड्यांच्या रेघा शेजारी ठेवल्या आणि सरळ विचारलं, "कोण आहे?"

शर्वरीनं सांगून टाकलं.

"चांगलंय की," मैथिली म्हणाली. तिला खरंच बरं वाटलेलं दिसत होतं. "मी का नको म्हणीन? फक्त मार्चपर्यंत थांब. वार्षिक परीक्षा होऊ दे. नवीन लग्न म्हणजे मन थाऱ्यावर राहत नाही, शरू. मला माहितीये."

निनादला हे कळलं तेव्हा तो आधी हसला. मग त्यानं विचारलं,

"म्हणजे अकरा ते एक मी तुझ्या मनातसुद्धा यायचं नाही?"

"दोनच तास आहेत रे."

"हा मार्च गेला की पुढचा मार्च येईल, शर्वरी."

त्या बुधवारी सकाळी यावरूनच त्यांचं भांडण झालं. अकराला तिनं दात-ओठ खाऊन पट्टी बांधली आणि काम केलं. रेघ बऱ्यापैकी सरळ राहिली.

रविवारी ती अक्काकडं गेली. मिहिका गच्चीवर तिच्या शेजारी बसून तिच्या हाताची नखं रंगवत होती. नखं कमी, बोटंच जास्त. मान खाली घालूनच ती म्हणाली, "मावशी, तू बुधवारी कुणावर चिडलीस?"

"का गं?"

"मला काही झालं नव्हतं. तरी चिडल्यासारखं झालं. मग मी अन्विताला ढकललं. बाईंनी उभं केलं. मी म्हटलं, बाई, हे माझं नाही, मावशीचं आहे." पुढच्या नखाला रंग लावत ती म्हणाली, "सगळे हसले."

विचार जात नाहीत, फक्त लय जाते, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. पण रागालाही लय असतेच की!

त्यानंतर तिनं स्वतःला आवळून घेतलं. अकराच्या आधी तासभर फोन बंद. निनादचा विचार आला की तो पसरायच्या आत बाजूला सारायचा. हे जमायला लागलं. मग इतकं जमलं की एक वाजल्यानंतरही सुटेना. संध्याकाळी घाटावर बसलं की पूर्वी तिचं मन पाण्याबरोबर कुठल्या कुठं जायचं. आता ती पायऱ्या मोजायची, नावेतली माणसं मोजायची. निनाद काही सांगत असला तर शब्दन् शब्द ऐकायची, आणि तो काय म्हणाला हे आठवूनही त्यातलं काही आपल्याला लागलं नाही, असं तिला वाटायचं. स्वप्नं पडायची थांबली. रंगकामातही फरक पडला. कॅपा बिनचूक व्हायच्या, पण दातांचे डॉक्टर परत पाठवायचे. "दात वाटत नाही हो," म्हणायचे, "बटण वाटतं."

नोव्हेंबरात तिची स्वतःची तपासणी होती. एरवी अक्का बरोबर यायची, पण त्या दिवशी मिहिकाला ताप होता. शर्वरी एकटीच मिरजेला गेली.

डॉक्टर कित्तूर रेघा बघून म्हणाल्या, "तुमची लय फार घट्ट झालीये. झोप लागते का?"

"मार्चपर्यंतच आहे ना आता, मॅडम. दोन वर्षं होतील."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मैथिलीताई बोलल्या नाहीत?"

"काय?"

"ऑगस्टमध्येच आम्ही मिहिकाची पट्टीशिवाय तपासणी केली. तिची स्वतःची लय सुरुवातीला होती तिथंच आहे. बत्तीस मुलांपैकी एकवीस जणांच्यात लय रुजली. अकरा जणांच्यात नाही. जनुकाचं कुलूप ज्यांच्यात जास्त घट्ट, त्यांचा मेंदू पांगुळगाडा धरूनच राहिला. आमचा अंदाज चुकला, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पट्टी बांधली आहे तोवरच उपयोग."

"म्हणजे किती वर्षं?"

"ते तुमच्यावर आहे. पुढच्या पाच वर्षांची संमती आलीये आमच्याकडं. तुमचीही आहे." त्यांनी पडदा तिच्याकडं वळवला.

खाली शर्वरीचं नाव होतं, ऑगस्टची तारीख होती. तिला आठवलं. अक्काचा फोन आला होता, "विम्याचं काम आहे, ओटीपी सांग जरा." हातात दात होता. तिनं सहा आकडे वाचून दाखवले होते आणि फोन ठेवला होता.

ती डॉक्टरांना काहीच बोलली नाही. आपल्याच बहिणीबद्दल परक्या माणसाला काय सांगायचं! रात्रभर ती अक्काला विचारायचे शब्द जुळवत राहिली. सकाळी वाटलं, आज नको, मिहीचा ताप आत्ताच उतरलाय, आज ती शाळेत जाणार आहे. रविवारी बोलू. अकराला तिनं पट्टी बांधली.

अकरा पन्नासला फोनवर अक्काचा निरोप उमटला. "रेघ थरथरतेय. नीट बस."

नीट बस. हे दोन शब्द तिनं दोनदा वाचले. मग दोन्ही हातांनी पट्टी ओढून काढली आणि ट्रेमधल्या दातांवर फेकली.

असं कधी करायचं नाही, हा पहिल्या दिवशीचा पहिला नियम होता. बंद करायची झाली तर दहा मिनिटांत हळूहळू उतरवायची. शर्वरीला तो नियम पाठ होता, आणि त्या क्षणी आठवतही होता. हे तिनं पुढं कधी स्वतःपासून लपवलं नाही.

सव्वाबाराला प्रसन्नचा फोन आला. चौथीचा वर्ग रांगेनं जिना उतरत होता, प्रयोगशाळेत जायला. चाळीस मुलांचे पाय, गलका, खाली घंटा. मिहिकानं एकाएकी कानांवर हात दाबले, किंचाळली आणि रांग मोडून पळाली. चार पायऱ्या चुकल्या. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मैथिली भिंतीला टेकून उभी होती. शर्वरी धावत आली तशी तिनं मान वर केली.

"तू काढलीस."

"हो."

"चुकून?"

"नाही. चिडून काढली, अक्का." शर्वरीला धाप लागली होती. "मी काल डॉक्टरांना भेटले. मला ऑगस्टचं कळलं. ओटीपीचंही कळलं."

मैथिलीचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "सांगितलं असतं तर तू सोडून दिलं असतंस."

"विचारलं असतंस तर कदाचित नसतंही सोडलं."

"कदाचित!" मैथिली म्हणाली. "कदाचितवर मी माझी पोर ठेवू? तुला काय जातं गं? आईचा चांगला एक्स तुला गेला, मला हा. मी कधी बोलले? तुझ्या त्या चांगल्यातले रोज दोन तास मागितले मी. दोन तास!"

इतक्या वर्षांनी ते बाहेर आलं होतं. प्रसन्न मध्ये पडायला आले, पण शर्वरीनं हात करून थांबवलं.

"दोन तास नव्हते ते, अक्का. तुला दिसतात तेवढे दोन. मला आता स्वप्नंसुद्धा पडत नाहीत. तू माझ्यासाठी कॉलेज सोडलंस, ते माझ्या मानेवर आहे आणि राहील. पण तू मला वाढवलंस ते वेणी घालून, डबा देऊन. माझ्या डोक्यात बसून नाही."

आतून मिहिकाचं रडणं आलं तशी मैथिली आत गेली, आणि दार लावून घेतलं.

तीन आठवड्यांनी सगळे डॉक्टर कित्तूरांच्या खोलीत बसले. मिहिकाच्या हाताला प्लास्टर होतं आणि ती खुर्चीच्या चाकांशी खेळत होती, पुढं-मागं, पुढं-मागं. शर्वरीनं आधीच ठरवून आणलं होतं. ती म्हणाली, "मी अर्धा तास देईन. रोज. जमेल तोवर. पण अर्धाच तास, आणि सही दरवर्षी मी स्वतः इथं येऊन करीन."

"अर्ध्या तासात काय होणार?" मैथिली डॉक्टरांना म्हणाली. शर्वरीकडं ती बघत नव्हती. "गणिताचा तासच चाळीस मिनिटांचा असतो."

डॉक्टर मिहिकाकडं वळल्या. "मिहिका, अर्धा तास पट्टी मिळणार आहे. तुला कधी पाहिजे?"

खोलीतल्या सगळ्या मोठ्या माणसांच्या लक्षात आलं की हे तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

चाकं थांबली नाहीत. "मधल्या सुट्टीत," मिहिका म्हणाली.

"सुट्टीत? का बरं?"

"सुट्टीत सगळ्या एकदम बोलतात. मला सुरुवात ऐकू येते आणि शेवट ऐकू येतो. मधलं जातं. मग मी हसते तेव्हा त्यांचं हसून झालेलं असतं."

"आणि गणित, बाळा?" मैथिलीनं विचारलं.

"गणितात माझ्याशी कुणीच बोलत नाही, आई."

तसं ठरलं. अकरा ते एकऐवजी एक ते दीड. मैथिलीच्या फोनवरून डॉक्टरांनी रेघा काढून टाकल्या. वार्षिक परीक्षेत मिहिका गणितात नापास झाली, आणि पाचवीला तिला वेगळा, सोपा अभ्यासक्रम मिळाला. मोडलेलं मनगट जरा तिरकं जुळलं. अक्षर आधीच वेडंवाकडं होतं, ते आणखी बिघडलं. शर्वरी तिची वही बघायची तेव्हा एकेक अक्षर तिला टोचायचं. ते कुणी बोलून दाखवत नव्हतं, आणि त्याला काही उपायही नव्हता.

मे महिन्यात तिनं निनादशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं आणि दोघं चिपळूणला गेली. साक्षीदार म्हणून मैथिलीनं सही केली, पेढा खाल्ला, निनादच्या आईला नमस्कार केला आणि शर्वरीशी एक शब्दही न बोलता निघून गेली. दवाखान्यातल्या त्या दिवसापासून ती तिच्याशी बोलली नव्हती. दाजी फोन करायचे, मिहिका करायची. अक्का नाही.

शर्वरी रोज एकला पट्टी बांधून नव्या लॅबमधल्या खिडकीशी काम घेऊन बसायची. मिहिका तिकडं काय ऐकतेय, काय बोलतेय, ते तिला कळायचा मार्ग नव्हता. कधी मन भरकटायचं. भरकटलं की तिला दचकायला व्हायचं, मग ती सावकाश परत यायची. दीडला दहा मिनिटांत पट्टी उतरवायची. त्यानंतरचा दिवस तिचा होता, पण अजून तिला तो पुरता आपला वाटत नव्हता.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी संध्याकाळी मिहिकाचा फोन आला. आईच्या फोनवरून.

"मावशी, ऐक. आफ्रीनच्या घरी पोपट आला. उडत. कुणाचा आहे माहीत नाही. आणि तो एकच बोलतो. 'गॅस बंद केला का? गॅस बंद केला का?' दिवसभर. मग आफ्रीनची अम्मी रोज उठून बघते, गॅस बंद आहे का. मग आफ्रीनचे अब्बा म्हणाले, याचा मालक शोधा, नाहीतर मीच उडून जाईन."

शर्वरी हसू दाबत होती. मिहिकानं आजवर कधी दुसऱ्याची गोष्ट अशी सलग सांगितली नव्हती. सांगायची ते तुकडे असायचे.

"मग आफ्रीन आणि तिचा भाऊ... ते..." मिहिका थांबली. फोनमधून कुठला तरी कुकर वाजल्याचा आवाज आला. "कुकर वाजला," ती म्हणाली. "दोन शिट्ट्या झाल्या. मावशी, आमच्याकडं आज..."

"मग ती दोघं पिंजरा घेऊन घरोघरी गेली," मागून आवाज आला. अक्काचा. तिनं ही गोष्ट आधी एकदा ऐकलेली दिसत होती. "मग?"

"हां! घरोघरी! आणि प्रत्येक घरी विचारायचं, तुमच्याकडं कोण सारखं विचारतं, गॅस बंद केला का? आणि सगळे म्हणाले, आमची आई! सगळ्याच घरी! मग पोपट कुणाला द्यायचा?" मिहिका खदखदून हसली. "मी बरोबर वेळेला हसले, मावशी. सगळ्यांच्या बरोबर." आणि फोन तसाच टाकून ती पळाली. तिच्या धावण्याचा आवाज जिन्यापर्यंत गेला.

फोन चालूच होता. चिपळुणात शर्वरी, सांगलीत मैथिली. दोघींनाही एकमेकींचा श्वास ऐकू येत होता. शर्वरीनं फोन ठेवला नाही. पलीकडूनही ठेवला गेला नाही.

शेवटी मैथिली म्हणाली, "ही आफ्रीन कोण गं? तुला माहितीये?"

"नाही, अक्का."

"मलापण नाही. दोन वर्षं सेकंदासेकंदाची रेघ बघत होते मी. पण ती कुणाशेजारी बसून डबा खाते ते विचारलं नाही कधी."

"थांब," मैथिली म्हणाली, "ठेवू नकोस. बोलावते तिला. तिच्याकडूनच ऐकू."

आणि जिन्याच्या दिशेनं तिनं हाक मारलेली शर्वरीला ऐकू आली, "मिही, ए मिही, वर ये गं जरा! ती आफ्रीन कोण, ते सांग आम्हाला."